इयत्तेची रिकामी जागा

तुमच्या वहीवर तुमचं नाव घरातल्या कोणी घातलं होतं, आठवतं का? आणि नावाखालची इयत्ता?

प्रश्न किरकोळ वाटेल. आमच्या गल्लीत मात्र या एका ओळीवर पोरींची शाळा ठरायची. म्हणून तो आधी विचारला. उत्तर शोधायला तुम्हाला वेळ लागत असेल तर लागू द्या, तोवर मी माझं सांगते.

काल सकाळी जळगावहून पॅसेंजरने नरडाण्याला उतरले तेव्हा काखेत कागदांची गुंडाळी होती. गुलाबी, पिवळे, पोपटी, एका बाजूने छापलेले आणि वाया गेलेले कागद. आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "जयाची पोरगी सातवी झाली. रशीदभाईंकडून कागद घे आणि जा. माझे गुडघे आता गाडी चढू देत नाहीत." जया माझी लहानपणची मैत्रीण. आमच्याच गल्लीतली, सासर इकडे धुळे जिल्ह्यात, नरडाण्यापासून कोसभर आत. तिची मुलगी मोहिनी. गावातली शाळा सातवीला संपते. आठवीसाठी नरडाण्याला यावं लागतं.

स्टेशनाबाहेर ऊन असं होतं की डांबराला वास सुटलेला. रिक्षाची वाट बघत लिंबाखाली उभी राहिले आणि गुंडाळी नाकाजवळ आली. तोच वास. शाई, रॉकेल आणि थोडासा ओलसर कागद. दिवस कुठले, वर्षं कुठली, पायाखालची जमीनच बदलली. मी नशिराबादच्या अलीकडच्या आमच्या गावात, आमच्या ओट्यावर, खळीने चिकट झालेल्या बोटांनी बसले होते.

माझी आई बायकांच्या संघटनेचं काम करायची. गल्ली तिला अक्का म्हणायची. रेशनच्या दुकानात धान्य येत नाही, दवाखान्यात नर्स नाही, हातपंप कोरडा पडला, काहीही असो, आई रात्रीच्या भाकरी झाल्या की पाटावर कागद ठेवून पत्रक लिहायची आणि सकाळी ते जळगावला रशीदचाचांच्या छापखान्यात जायचं. इतर घरांतली मुलं गोष्टी ऐकत झोपत असतील, मी मागण्या ऐकत झोपले. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'काऊ-चिऊ'च्या आधी वाचता आला. छापताना जे कागद तिरके जायचे, ज्यांच्यावर शाई सांडायची, ते रशीदचाचा टाकून देत नसत. मे संपत आला की सायकलच्या कॅरिअरला बांधून आमच्याकडे घेऊन येत. "घ्या, अक्का. सरकारने वाचली नाहीत, निदान पोरं तरी वाचतील."

त्या कागदांची आम्ही कव्हरं घालायचो. कोरी बाजू वर, छापील बाजू आत. पातळ कागदातून मागची अक्षरं उलटी दिसायची. माझ्या गणिताच्या पुस्तकात पाण्याचं पत्रक असायचं, जयाच्या भूगोलात रॉकेलचं. एकदा तिच्या कव्हराची घडी वर्गात सुटली आणि आतला मजकूर बाहेर आला. पाटील गुरुजींनी पुस्तक उचललं, वाचलं, आणि तिच्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "जयश्री, तुझा भूगोल सोमवारी तहसीलवर मोर्चा नेतोय म्हणे. मला सुट्टी टाकावी लागेल का?" जया हसू दाबताना लाल झाली. तो मोर्चा निघून महिने झाले होते, तरी आम्ही त्या सोमवारी गुरुजींना विचारलंच, "गुरुजी, सुट्टी आहे का?"

पण कव्हरांच्या आधीचा आठवडा सांगायला हवा. उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा.

सुट्टी एका रात्रीत तोडली की पोरं आजारी पडतात, असं आईचं मत होतं. ती म्हणायची, उन्हाळा हळूहळू उतरवायचा असतो, तापासारखा. त्या आठवड्यात आम्ही घराच्या सपाट मातीच्या छतावर, धाब्यावरच झोपायचो, पण सूर्य वर यायच्या आधी ती गोधड्या ओढायला यायची. उठायचं शाळेच्या वेळेला, आंघोळ शाळेच्या वेळेला, आणि मग शाळा नाही म्हणून दिवस आपला. दुपारची झोप मात्र बंद. त्याऐवजी लिंबाखाली चिंचोके, सागरगोटे, उरलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, चुरा कच्च्या तेलात आणि तिखटात कालवलेला. आणि सगळ्यांत मोठी गंमत डब्याची. शाळेची मधली सुट्टी ज्या वेळेला होते त्या वेळेला आई आम्हाला घरातच डबा द्यायची. ताटात नाही, डब्यात. भाकरी, ठेचा, कैरीची फोड. आम्ही तो घेऊन गल्लीच्या टोकाच्या लिंबाखाली जायचो, कोणीतरी थाळी वाजवून घंटा द्यायचं आणि सगळी गल्ली एकदम झाकणं उघडायची. झाकण उघडताना होणारा तो एकत्र आवाज, आणि लगेच सुटलेला लसणाचा वास. घर हाकेवर होतं. तरी ती भाकरी घरातल्या ताटात तशी लागायची नाही.

संध्याकाळी केळीच्या बागांकडून वारा यायचा. दिवसभर झळा मारणारा तोच वारा, पण आता त्याला पाटाच्या पाण्याचा थंडपणा. बागेत फाटलेली पानं सळसळायची. जयाच्या आजोबांची बाग होती, नानांची. आम्ही वाळल्या पानांवर लोळायचो आणि कपड्यांना केळीचा चीक लावून घ्यायचो. तो डाग जात नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी कोणाच्या फ्रॉकला किती डाग यावरून कोणी सुट्टी किती खाल्ली ते कळायचं. जया त्यात नेहमी पहिली.

आणि मग कव्हरांचा दिवस.

इथे आईचा एक नियम होता. आमच्या घरी बसून सगळ्यांची कव्हरं घालता आली असती, खळीचं पातेलं एकच होतं. पण आई पातेलं उचलून दारोदार जायची. ज्या पोरीची वही, तिच्याच ओट्यावर कव्हर. मैद्याची खळ, किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, निळसर, कडवट वासाची. कव्हर घालून झालं, वर चौकोनी कागद चिकटवला की आई त्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसासमोर वही धरायची. "नाना, नाव घाला." नाव घालायचं ते घरातल्या मोठ्यानेच. बापाने नाही, आईने नाही, पोरीने तर नाहीच. आजोबा असले तर आजोबांनी, नसले तर मोठ्या काकांनी. सही करण्यापुरतंच लिहिता येणारे म्हातारे बाबा जीभ दाताखाली धरून नातीचं नाव काढायचे आणि गल्ली उभी राहून बघायची. पोरीचं नाव आणि खाली इयत्ता. चार लोकांसमोर ज्याने इयत्ता स्वतःच्या हाताने लिहिली, तो माणूस पुढे पोरीला घरी बसवताना दहा वेळा विचार करणार. आईने हे कोणाला कधी समजावून सांगितलं नाही. पत्रकांत ती सगळं लिहायची, हे लिहिलं नाही. आम्हाला वाटायचं ही नुसती रीत आहे, दिवाळीत उटणं लावतात तशी.

नानांचं अक्षर गल्लीत सगळ्यांत देखणं. बोरूने गिरवलेलं, प्रत्येक काना सरळ, रेघ एकसारखी. दर वर्षी जयाच्या वहीवर ते नाव घालायचे तेव्हा आम्ही बाकीच्या हेव्याने बघायचो. "हळू वारा घाला रे," ते म्हणायचे, "शाई वाळू द्या, नाहीतर नात माझी पुसली जाईन."

सातवी संपली त्या उन्हाळ्यात जया आठवडाभर लिंबाखाली आली नाही. नंतर आली ती बोटं गुलाबी घेऊन. कपाशीच्या बियाण्याला गुलाबी रंग असतो, दिवसभर एकेक बी मातीत टोचत गेलं की तो नखांत बसतो. आम्ही तिला चिडवलं, मेंदी कोणाच्या नावाची म्हणून. ती हसली. डबा तिने आणला नव्हता, माझ्यातला खाल्ला. नशिराबादच्या हायस्कुलात आपण एका बाकावर बसायचं, खिडकीकडे कोणी आणि आत कोणी, यावर आमचं भांडण झालं आणि ते मिटलं नाही.

कव्हरांच्या दिवशी आई पातेलं घेऊन त्यांच्या ओट्यावर गेली. कागद गुलाबी होता. जयाने घड्या स्वतः घातल्या. नानांनी टाक घेतला, नाव घातलं, जयश्री, मग वडिलांचं, मग आडनाव, आणि खाली लिहिलं, इयत्ता ७ वी.

चार डोकी वहीवर वाकली. मग जयाचा धाकटा काका हसत सुटला. "घ्या, नानांनी नापास केली पोरीला." सगळे हसले. जयाही. नानांनी वहीकडे बघितलं, टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "हाताले सवय पडली वो. दुसरं काय."

आई म्हणाली, "दुसरा कागद चिकटवते, नाना."

"ऱ्हाऊ द्या, अक्का. शाळेत बाई करतीन दुरुस्त."

आमची आई पत्रकातली एक वेलांटी चुकली तर रशीदचाचांना छपाई थांबवायला लावायची. त्या दिवशी तिने पातेलं उचललं. पुढची घरं राहिली होती, खळ घट्ट होत चालली होती. ती उठली आणि आम्ही तिच्या मागोमाग पुढच्या ओट्यावर गेलो.

त्यानंतर काय काय झालं, कोण कोणाला काय बोललं, ते मला नीट माहीत नाही आणि आता त्याचा हिशेब मांडून उपयोगही नाही. मला आठवतं ते हायस्कुलातलं बाक. खिडकीकडची जागा मला मिळाली. शेजारी कोणी बसलं नाही तोवर मी दप्तर ठेवत होते. बाईंनी दुसरी मुलगी आणून बसवली तेव्हा दप्तर उचलावं लागलं. एवढंच.

गावातून आता हमरस्ता उंचावरून जातो. लिंब रस्त्यात गेला. डब्याची घंटा कुठे वाजवायची हे सांगायलाही खूण उरली नाही. रशीदचाचांच्या छापखान्यात वाढदिवसाचे फ्लेक्स निघतात, पुढाऱ्यांचे चेहरे दारापेक्षा मोठे. जुनं यंत्र कोपऱ्यात कापडाखाली आहे. परवा गेले तेव्हा चाचांनी कपाटामागून ही गुंडाळी काढून दिली. "फ्लेक्सचं कव्हर होत नाही बेटा," ते म्हणाले, "दुमडतच नाही."

हे सगळं काखेत घेऊन मी काल जयाच्या दारात पोचले.

अंगणात लिंब होता. लिंबाखाली मोहिनी बसली होती, एकटी, स्टीलचा डबा उघडून. भाकरी, ठेचा, कैरीची फोड. मी थबकले. घर मागे दहा पावलांवर.

"घरात का नाही जेवत?" मी विचारलं.

"मधली सुट्टी शे ना आते," ती म्हणाली, जणू मलाच एवढं कळू नये. "आई म्हणते सवय पाहिजे. उठवते पण शाळेच्या टायमाला. आंघोळ करून मग मी काय करू? म्हशीला गुड मॉर्निंग म्हणते."

जया आतून आली. केस पांढरे व्हायला लागलेत, हसणं तेच. मी डब्याकडे बघत होते ते तिने बघितलं. "आठ दिवस झाले," ती म्हणाली. "अक्कांचं सगळं तसंच चालवते."

"आठवीला पाठवणार आहेत ना?"

तिने माझ्या हातातली गुंडाळी घेतली, एक गुलाबी कागद बाहेर काढला आणि वास घेतला. बराच वेळ. मी तिच्या लेकीची बोटं बघितली तेव्हा. नखं गुलाबी होती.

जयाचे सासरे, आबा, बाजेवर बसले होते. माणूस वाईट नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पत्रकांत वाईट माणसं सोपी असतात. नातीसाठी बाजारातून येताना जिलबी आणतात, तिच्या सायकलची चेन स्वतः बसवतात. मला बघून म्हणाले, "ये वं माय, बठ. एवढा उनमा काय लई उनी?"

"कागद आणलेत, आबा. मोहिनीच्या वहीला."

"तुम्हीन जळगाववाला बठ्ठा कागदवरच जगतस," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

आम्ही ओट्यावर बसलो. पुस्तकं आता शाळेतच मिळतात, म्हणून वही घेतली. खळ जयाने केली, मोरचूद मिळाला नाही. मोहिनीने घड्या घातल्या, कोपरे इतके टोकदार की मला जुनी बोटं दिसली. आतल्या बाजूला कुठल्याशा पगारवाढीच्या मागण्या गेल्या. जयाने चौकोन चिकटवला, पदर डोक्यावर घेतला आणि वही सासऱ्यांसमोर धरली.

"आबा, नाव घाला."

"चष्मा कोठे ठेवा व्हता, सापडत नही."

"आबा, तुमना डोकावरच शे," मोहिनी म्हणाली.

शेजारच्या दोघी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या हसल्या. आबांनी चष्मा खाली ओढला. पेन उठत नाही म्हणाले. मोहिनीने दुसरं दिलं. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि हळूहळू, दाबून, नाव घातलं. मोहिनी. वडिलांचं नाव. आडनाव. मग पेनाचं टोपण लावलं.

"आबा, खाली आठवी लिखा ना," मोहिनी म्हणाली.

"मंग लिखसू."

"आत्ताच लिखा."

"शाळा उघडू दे, कपाशी लागू दे. मंग देखसूत." त्यांनी वही परत दिली. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. खरोखर मायेने फिरवला.

संध्याकाळी जया मला पोचवायला वाटेपर्यंत आली. शेतातून परतणाऱ्या बायकांच्या गुलाबी नखांवर ऊन पडलं होतं. चालता चालता ती म्हणाली, आमच्याकडच्या बोलीत, जी ती इथे बोलत नाही, "नानाचा हात चुकला नव्हता. मले तव्हाच कळलं व्हतं."

"मग हसलीस कशी?"

"सगळे हसले ना. म्हणून."

मी तिथेच आईला फोन लावला. नाव घातलं, इयत्ता नाही घातली, असं सांगितलं. पलीकडून कूलरची घरघर फक्त. मग आई म्हणाली, "त्या दिवशी खळ घट्ट होत होती म्हणून मी उठले. पातेल्याकडे बघितलं मी, पोरीकडे नाही." आणि थोड्या वेळाने, "तू गाडीत बसलीस का?"

"नाही अजून."

"मग नको बसू."

मी परत आले. जयाने चुलीवर एक भाकर जास्त टाकली. आबा बाजेवर पडले होते, त्यांनी मान वर केली.

"गाडी गई का तुनी?"

"जाऊ दिली, आबा."

"मंग आते?"

"बसते इथेच. तुमच्या ओट्यावर."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. तेव्हा आई बसून राहिली असती तर नानांना कळलं असतं, तसंच कळलं. त्यांनी कूस बदलली.

आज सकाळी त्याच ओट्यावर बसून हे लिहिते आहे. मोहिनी अंधार असतानाच उठली, आंघोळ केली, वेणी घातली, आणि शाळा नाही म्हणून लिंबाखाली सागरगोटे खेळते आहे. वर फेकते, खाली पडायच्या आत झेलते. तिची वही माझ्या शेजारी आहे. गुलाबी कागदातून आतल्या मागण्या उलट्या दिसतात. नाव आहे, खालची जागा रिकामी. आबा दोनदा इथून गेले. एकदा पाण्याला, एकदा उगाच. दुसऱ्या वेळी त्यांनी वहीकडे बघितलं. पेन मी वहीवरच ठेवलं आहे, टोपण काढून.

परवा शाळा उघडते. आबा लिहितील की नाही, मला माहीत नाही. लिहिलं आणि तरी पाठवलं नाही, असंही होऊ शकतं. आईची रीत म्हणजे काही कायदा नव्हे. कायदा तर आहेच, मोठा, छापील, चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक पोरीसाठी. पण कायदा कधी या ओट्यावर येऊन बसला नाही. बसावं माणसालाच लागतं. आणि उठायचं नसतं. खळ घट्ट झाली, गाडी सुटली, चारजण हसले आणि हवा हलकी झाली, तरी उठायचं नसतं. एका जयाची शाळा बुडाली ती फार मोठ्या कारणाने नाही. आम्ही सगळे हसत हसत उठलो, म्हणून.

मी एकाच ओट्यावर बसू शकते. तुमच्या गल्लीतला ओटा तुम्हाला माहीत आहे. त्या घरात सातवी झालेली पोरगी आहे, तिच्या नखांचा रंग बघून या. शाळा उघडायच्या आत कुठलाही कागद घेऊन तिथे जा, तिच्या वहीला कव्हर घाला, घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या हातात पेन द्या, आणि इयत्ता लिहून होईपर्यंत उठू नका.